शिरगावचा नाकारलेला गोल

बेलवली, बदलापूर (प.)
दि. ३ ऑगस्ट २००८

चि. मिलिंद यास,
ताईचा जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू मला हसवतोस आणि माझा राग वाया जातो, म्हणून पत्र लिहितेय. शेवटपर्यंत वाच.

तुझं ते इंटरनेटवरचं पॉडकास्ट, जुन्या फुटबॉलच्या गमतीजमती, आम्ही आवडीने ऐकतो. माझी पायल तर दिवसभर मामाचे डायलॉग मारत असते. पण या वेळचा भाग ऐकून माझं डोकंच फिरलं. अंबरनाथच्या फायनलला शिरगावच्या कोंडाजीकाकांचा गोल रेफरीने ऑफसाइड म्हणून नाकारला, कारण रेफरीही कारखान्याचा आणि समोरची टीमही कारखान्याची! वर म्हणतोस, साहेबांना लाइन कुठली दिसणार, दिवाळीचा बोनस दिसत होता. अरे मेल्या, तो रेफरी आपला बाप आहे! मैदानावर कुणाचा फुकटचा चहासुद्धा न घेणारा माणूस, त्याला तू जगासमोर विकाऊ ठरवलंस. आणि तेही त्यांची वाचा गेल्यावर. उत्तर कसं देणार रे ते?

बाबांनी अजून ऐकलेलं नाही. पण पायलने त्याची सीडी करून मैत्रिणीला दिली, आणि ती नेमकी कोंडाजीकाकांची नात. आता काका शिरगावभर सांगत सुटलेत की बघा, भीमरावाच्या पोरानेच कबूल केलं. त्या फायनलपासून आपल्या दारात न आलेला माणूस, रविवारी सीडी घेऊन येतो म्हणून निरोप आलाय. डॉक्टरांनी बजावलंय, बाबांना त्रास होता कामा नये. दुसरा झटका आला तर मी काय करू?

तो भाग काढून टाक. आणि एकदा घरी ये. बाबांना दवाखान्यातून आणल्यापासून तू फिरकलेला नाहीस.

चिडलेली, तरी तुझीच,
शीलाताई


पुणे
दि. ६ ऑगस्ट २००८

ति. शीलाताईस,
मिलिंदचा सा. जयभीम.

भाग काढला. पण ज्यांनी उतरवून घेतलाय त्यांच्याकडे तो राहणारच, त्याला माझा इलाज नाही. बोनसचा जोक तोंडातून गेला आणि लोक हसले, मग मला थांबवेना. बाबा विकाऊ आहेत असं मला स्वप्नातही वाटणार नाही, ताई.

घरी का येत नाही, ते सांगतो. बाबांचा नियम आठवतो ना? रेफरीशी बोलायचं तर हात पाठीमागे बांधून. भले भले सेंटर फॉरवर्ड त्यांच्यापुढे तसे गुमान उभे राहायचे, आणि परीक्षेचे मार्क सांगताना आपणही. तो माणूस आता पाणी मागायला नुसता हात हलवतो, ते मला बघवत नाही. पॉडकास्टमध्ये मी त्यांचा आवाज काढतो. लोकांना ती मिमिक्री वाटते. मला मात्र तेवढ्यापुरते बाबा बोलल्यासारखे वाटतात.

काकांना दारातूनच वाटेला लाव. सीडी लावू देऊ नकोस, तुझ्या पाया पडतो. काय झालं ते लगेच कळव, माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझ्या शिव्यांना पात्र,
मिलिंद


बेलवली
दि. ११ ऑगस्ट २००८

चि. मिलिंद यास,
ताईचा जयभीम. बाबा बरे आहेत, हे आधी वाच आणि मग बाकीचं.

काका आले. मी दारातच आडवी उभी राहिले. तर आतून बाबा काठी आपटायला लागले. आवाज ओळखला होता त्यांनी. मग काय, काका आत आले आणि सीडी लावायला लावलीच.

बोनसचा जोक आला आणि बाबांचा चेहरा लालबुंद झाला. ते धडपडत उठले आणि कपाटाकडे बोट दाखवायला लागले. पायलने त्यांचा जुना डबा काढून दिला, शिट्टी आणि कार्डांचा. इकडे काकांचा आवाज चढलेला, की आता तुझ्या लेकानेच सांगितलंय, मी ऑफसाइड नव्हतो, मान हलवून कबूल कर. बाबांनी शिट्टी तोंडाला लावली. ओठ वाकडे, नुसती हवा आणि लाळ बाहेर आली. मला रडू फुटलं रे. मनात म्हटलं, मिल्याला या जन्मी माफ करणार नाही.

तेवढ्यात बाबांनी डाव्या हाताने पिवळं कार्ड काढलं आणि सरळ काकांच्या नाकासमोर धरलं. आणि मिलिंद, शपथेवर सांगते, एवढ्या तिरसट म्हाताऱ्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले! बांधले ते बांधले, बाबांनी कार्ड खाली करेपर्यंत सोडले नाहीत.

मग मी चहा टाकला. दोघांनी ट्रेमध्ये कपबशा मांडून तो गोल परत खेळून बघितला. काका आपला कप मागे सरकवायचे, बाबा तो बोटाने पुढे ढकलायचे, ऑफसाइडमध्ये. चहाचं पार सरबत झालं. जाताना काका म्हणाले की निकाल मान्य नाही, पुढच्या रविवारी परत येतो. बाबा हसत होते. तोंड वाकडं होतं, पण हसतच होते.

काका गेल्यावर त्यांनी ते कार्ड माझ्या हातात दिलं आणि सीडीकडे बोट दाखवत राहिले. मला काही कळेना. शेवटी तुझं नाव घेतलं, तेव्हा मान हलवली. म्हणून कार्ड याच पाकिटात घातलंय. डब्यात मैदानाबाहेर काढायचं लाल पण होतं, मिलिंद. ते त्यांनी स्वतः हातात घेतलं, बघितलं आणि परत ठेवून दिलं.

आता काय ते तू ठरव. पायलचा मामाला जयभीम.

तुझी,
शीलाताई


पुणे
दि. १४ ऑगस्ट २००८

ति. ताईस,
सा. जयभीम.

कार्ड मिळालं. ऑफिसात पाकीट फोडलं आणि सगळ्यांसमोर रडलो.

शनिवारी येतोय. काकांच्या पुढच्या मॅचला रेफरीचा डबा अपुरा नको, म्हणून कार्ड सोबत आणतो. बाबांना सांग, दार त्यांनीच उघडावं, कितीही वेळ लागू दे. मी बाहेर हात पाठीमागे बांधून उभा असेन.

तुझा,
मिलिंद