हळदीनंतर तेल नको

५ नोव्हेंबर, बुधवार

सीझनची पहिली ऑर्डर. मुलुंड. हॉलला एसी, पण वरात उघड्यावर, म्हणजे घाम आलाच. नवरीचे केस सुळसुळीत. लोकांना वाटतं नशीबवान, पण असल्या केसांवर काही म्हणता काही टिकत नाही. आधी मुळांशी हलका स्प्रे, वाळू दिला, मग उलटी फणी मारून बॅककोंबिंग. पिनांवरही स्प्रे मारून मगच खोवल्या. हातभर लांबून, थोडा थोडा, प्रत्येक थराला दोन मिनिटं थांबून. नवरीची आत्या म्हणे, "अजून मारा ना, भरपूर!" भरपूर मारला की केसांचा काथ्या होतो, बाई. बोलले नाही. पहिल्याच दिवशी कशाला तोंड चालवा.

पाचला घरी. शोभाताई आईची वेणी घालत होत्या. (त्या आईला सांभाळायला आल्यापासून मला ऑर्डरी घेता येतात. आठ ते सहा असतात.) म्हटलं, आणा इकडे फणी, मी करते. आईने डाव्या हाताने माझा हात ढकलला. उजवा लकव्यात गेला त्याला दोन महिने झाले. डाव्यात जोर आहे अजून.

बावीस वर्षं लोकांचे केस करतेय. आईचे एकदाही नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

मानेच्या मागे गुंता झालाय. पडून पडून. शोभाताई वरवर फणी फिरवतात, आतलं तसंच राहतं. आधी सुपारीएवढा होता, आता लिंबाएवढा. फिजिओवाला म्हणाला, बॉयकट करून टाका, खाली जखम झाली तर अवघड होईल. बरोबरच बोलला. तरी माझं डोकं तापलं. साठ वर्षं तिने अंबाडा घातलाय. केसांचे दोन आकडे, बस. सकाळी सहाला घातलेला रात्री झोपताना सोडायची. ना जाळी, ना स्प्रे.

विचारलं, "कापूया का गं केस?"

"नको."

पण याला काय अर्थ. तिला आता तेवढा एकच शब्द येतो. चहा विचारला तरी नको, आणि पिते कपभर. डॉक्टरांनी सांगितलंय, शब्दाकडे लक्ष देऊ नका, हात बघा. ढकलला तर नाही, ओढला तर हो. काहीच केलं नाही तर काय समजायचं, ते विचारायचं राहिलं.

९ नोव्हेंबर, रविवार

ऑर्डर नाही. कांदिवलीत लग्न नसलेला रविवार म्हणजे नवल.

पूर्वी रविवारी सकाळी आई पलंगावर बसायची, मी खाली पाटावर, तिच्या गुडघ्यांना पाठ टेकून. वाटीत कोमट खोबरेल. पार्लर टाकलं तरी चालू होतं. तिशी उलटली तरी चालू होतं. मी कुरकुर करायची, "आई, उद्या कस्टमरसमोर तेलकट डोकं घेऊन जाऊ का?" ती आपली मालवणीत, "बिनतेलाचा डोक्या म्हणजे सुको नारळ. गप बस."

वैशूच्या लग्नानंतर बंद झालं. अकरा वर्षं.

धाकट्या बहिणीचं लग्न, घरचं काम, मला दाखवून द्यायचं होतं सगळ्यांना. आठ दिवस आधीपासून घोकत होते: हळदीच्या दिवशी काय ते तेल-बिल लावा, न्हाऊ घाला, त्यानंतर डोक्याला तेलाचा थेंब नको. तेलावर स्प्रे बसतच नाही, घसरतो. लग्नाच्या सकाळी खुर्चीत बसवली तर मुळं तेलकट. वेळ नव्हता. पावडर टाकली, स्प्रेचा अख्खा डबा रिकामा केला, जवळून, नको तसा. गंगावण लावून मोठा अंबाडा घातला. अंतरपाट खाली आला, हार घालायला वैशूने मान वाकवली, आणि गंगावण, गजरा, सगळं सुटून पाटावर. नवऱ्याचा मामा हसला. मग सगळेच हसले.

नवरीच्या खोलीत मी आईला धारेवर धरलं. काकू, मावश्या, सगळ्यांसमोर. "तुझ्या त्या तेलाने माझी वाट लावलीस. पुन्हा माझ्या कामात हात घालायचा नाही."

आई म्हणाली, "बरां."

त्यानंतर तिने माझ्या डोक्याला हात लावला नाही, आणि मला तिच्या लावू दिला नाही. बोलणं-चालणं सगळं नीट. माशाचा तुकडा मोठा मलाच. पण डोकं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

घाटकोपर. नवरी खुर्चीत बसली आणि बोट लावताच कळलं. तेल! मेसेज पाठवते मी प्रत्येकीला, आदल्या दिवशी शाम्पू, कंडिशनर फक्त टोकांना, तेल अजिबात नको. विचारलं कोणी लावलं. तिची आई म्हणाली, "मीच हो. थोडंसंच. आजच्या दिवशी कोरडं डोकं बरं दिसत नाही म्हणून." मी जे बोलायचं ते बोलले. बाई पदराला हात पुसत कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. केस परत धुतले, ड्रायरने खडखडीत वाळवले, दीड तास उशीर. हेअरस्टाईल मात्र झकास टिकली, बिदाईपर्यंत एक बट हलली नाही.

ती बाई फोटोलाही आली नाही पुढे. मी हाक मारायला हवी होती.

१६ नोव्हेंबर, रविवार

वैशू चेंबूरहून आली. डबा भरून माशांचं तिखलं घेऊन. आईने चार घास खाल्ले. मग वैशूने गुंता बघितला आणि म्हणाली, "ताई, कापून टाकू. उगाच हाल कशाला तिचे? पुढच्या रविवारी मी येते, तू कात्री धर, मी तिला धरते."

मी म्हटलं, तूच काप. माझा हात ती लावू देत नाही, तुला माहितेय.

"अजून? कशावरून?"

"कशावरून म्हणजे? तुझ्या लग्नातल्या तेलावरून."

वैशू कांदा कापत होती, सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "ताई, ते तेल आईने नव्हतं घातलं."

लग्नाच्या दिवशी पहाटे वैशूला झोप नव्हती. डोकं ठणकत होतं, रडू येत होतं. आईला म्हणाली थोडं तेल घाल. आई नाही म्हणाली, माझं नाव पुढे करून. "सुजा ओरडतली." मग हिनेच बाटली घेतली न् ओतलं डोक्यावर. आई टॉवेलने पुसत बसली, अर्धा तास, तीनदा पुसलं. "मी सांगणार होते गं. पण तू एवढी चिडलीस, आणि बाहेर सासरची माणसं. आईने डोळ्यांनी खुणावलं, गप्प राहा."

"अकरा वर्षं, वैशू?"

"मला वाटलं तुम्ही विसरलात."

तिच्यावर ओरडले नाही. राहिलेला कांदा मीच कापला. आई आतल्या खोलीत पडून होती, दार उघडं. ऐकलं असेल का?

१७ नोव्हेंबर, सोमवार

बोरीवलीची ऑर्डर दुसरीला दिली. तब्येत बरी नाही सांगितलं.

टॉवेलने तीनदा पुसलं. माझं काम बिघडू नये म्हणून. आणि मी चार बायकांत तिचा उद्धार केला, तर नुसतं "बरां".

दिवसभर तेवढंच.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज बोलायचं ठरवलं होतं. चहा घेऊन बसले. "आई, ऐक ना." तिने बघितलं. मग शोभाताई औषध घेऊन आल्या. मग शेजारच्या काकू विचारपूस करायला. मग मीच उठले, कपडे वाळत घालायचे आहेत म्हणून. कपडे कसले, चार टॉवेल होते.

नवरीच्या आईशी भांडायला मला एक मिनिट लागत नाही. चुकलं म्हणायला जीभ उचलत नाही. असली कसली मी.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आईला कालपासून ताप. डॉक्टर घरी येऊन गेले. छातीत थोडा कफ. म्हणाले, आता आधीपेक्षा कमी कळतंय त्यांना. मी विचारलं, कमी म्हणजे किती? बोललेलं कळेल? ते म्हणाले, "सांगता येत नाही. बोलत राहा."

बुधवारी बोलले असते तर. बुधवारी तिने सरळ माझ्याकडे बघितलं होतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ताप उतरला. वैशूचा फोन, उद्या अकराला येते, धारेची कात्री आणते. म्हटलं ये, पण दुपारी ये.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी सातलाच खोबरेल कोमट केलं. पाट घेतला. मग लक्षात आलं, पाट आज माझ्यासाठी नाही. आईला कुशीवर वळवलं, मी मागे बसले. माझ्या पेटीत तऱ्हेतऱ्हेचे स्प्रे, सीरम, गुंता सोडवायचं महागडं पाणी. त्यातलं काही चालेना. मधे शोभाताईंकडून मारून बघितला होता एक, गुंता उलट घट्ट झाला. तेलच लागलं. वाटीभर. बोटांनी मुरवलं, आणि शेपटीच्या फणीच्या टोकाने एकेक केस.

सुरुवातीला तिने हात मागे आणला, ढकलायला. पोचला नाही. मी थांबले. म्हटलं, "आई, दुखलं तर सांग, सोडून देते." हात खाली गेला. दमली की हो म्हणाली, देव जाणे.

तीन तास. मूठभर केस हातात आले, बाकी वाचले. साधारण निम्मा गुंता सुटल्यावर बोलले. तिचं तोंड भिंतीकडे होतं म्हणून जमलं. "वैशूने सांगितलं मला. तू तेल घातलं नव्हतंस. मी तुला सगळ्यांसमोर बोलले. चुकलं माझं, आई. फार चुकलं." मग रडले. तेलकट हातांनी डोळे पुसता येईनात, नाक वाहतंय, फणी हातात. लाज वाटत होती, बरंही वाटत होतं.

"नको," आई म्हणाली.

मी पुढे वाकून हात बघितला. ढकलत नव्हता, ओढत नव्हता. चादरीवर पडून होता. मी बोटं धरली. तेलाने घसरली.

अंबाडा घातला, तिचेच दोन आकडे लावून. केवढासा झाला. दुपारी वैशू आली, बघत राहिली, कात्री पिशवीतून काढलीच नाही. कोपऱ्यात जाऊन रडून आली. तिलाही काही म्हणायचं होतं आईला. म्हणाली की नाही ते मी विचारलं नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

अंधेरी. नवरीची आई दारातच म्हणाली, "अहो, चूक झाली, सकाळी मी तिला थोडं तेल लावलंय. सवय ओ." घाबरली होती. माझी ख्याती पोचलीय वाटतं घाटकोपरहून. म्हटलं, असू दे, बघते. मुळांना पावडर, झाडून काढली, उंच काही केलं नाही, खाली मानेशी घट्ट अंबाडा, पिना जास्त, स्प्रे कमी. मोठा नाही जमला पण टिकेल. बाईला गजरा धरायला जवळ उभी केली. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत होती, मधे मधे माझ्या फणीत बोटं. फिरव बाई.

चारला शोभाताईंचा फोन. "ताई, आजींचा अंबाडा सुटला. उशीवर सगळे केस. तुमच्या कपाटातला स्प्रे मारू का थोडा?"

म्हटलं नको. आले की मी घालते.

लोकांच्या लेकींचे केस बारा बारा तास टिकवते मी. आईचा परवा रात्रीपर्यंत सुटला, काल दुपारी, आज चारला. पडून असल्यावर सुटणारच. रोज घालायचा.

सहाला शोभाताई गेल्या. अंबाडा घातला. तेलाची वाटी पलंगावर राहिली होती, तिच्या डाव्या हाताशी. मनात काय आलं, पाट ओढला, माझ्या केसांची क्लिप काढली, आणि पलंगाला पाठ टेकून खाली बसले. डोकं तिच्या हाताला लागेल असं.  गॅसवरचा भात लागेपर्यंत बसले.

हात आला नाही. ती जागी होती, श्वास ऐकू येत होता.

उद्याची ऑर्डर दुपारची आहे. सकाळी केस न धुता परत बसेन, तेलकट डोक्याने जावं लागलं तरी चालेल.