पहिलं माप

ती. बायजाक्का,

तुझ्या गुडघ्यांना आधी आणि तुला नंतर नमस्कार. (वयाने ते तुझ्याएवढेच, पण कुरकुर जास्त करतात, म्हणून मान त्यांचा.) उरणला ट्रकांची धूळ कमी झाली का? मी बरा आहे. येसू जाऊन पाच महिने झाले. घर खायला उठतं.

म्हणूनच इंग्रजी शिकायला लागलोय. हसू नकोस. केतनची हेमाली परदेशात वाढतेय. फोनवर ती बोलते, मी मान हलवतो. येसूला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी नातीशी तासभर गप्पा मारायची. मला ते जमत नाही, म्हणून म्हसळ्याला प्रांजलीबाईंच्या शिकवणीला बसतो. (बाकी सगळी नववीतली पोरं. गृहपाठ माझाच उतरवून घेतात आणि माझ्यासकट नापास होतात.)

परवा बाई म्हणाल्या, दूध, पाणी, राइस हे इंग्रजीत मोजत नाहीत. त्यांना कायम 'इज' लावायचं, 'आर' नाही. अक्का, माझं डोकंच फिरलं. शेतात भात, गिरणीतून आले की तांदूळ, ताटात पुन्हा भात; ह्या सगळ्याला एकच राइस, आणि वर मोजायचं नाही! दुसऱ्या दिवशी मापाची पायली आणि अर्धी गोण जुने तांदूळ घेऊन एसटीने शिकवणीला गेलो. (कंडक्टरने गोणीचं तिकीट फाडलं. त्यालाही मोजता येतं.) बाई समंजस. म्हणाल्या, ''तांदूळ नाही, पण पायल्या मोजता येतात. मोजा इंग्रजीत.'' मी पहिलं माप भरलं. 'वन' म्हणायचं होतं. पण आपल्यात पहिल्या मापाला कधी कुणी एक म्हटलंय? 'लाभ' म्हणायचं, मग दोन, मग तीन. आणि पस्तीस वर्षं ते 'लाभ' येसूने म्हटलं, मी नुसतं गोणीचं तोंड धरलं. पायली तशीच हातात राहिली. पोरांसमोर ढसाढसा रडलो गं. बाईंनी शिकवणी लवकर सोडली.

आता इज-आर जमतं. रविवारी हेमालीला म्हटलं, ''राइस इज इन द हाउस.'' तिने किती ते विचारलं. मी मान हलवली.

तुझा धाकटा,
भागोजी

ता. क. पापड पाठवू नकोस, दात उरले नाहीत.

ता. क. दुसरा : येसूने लावणी केलेलं यंदाचं भात झोडून महिना झाला. पडवीत ढीग तसाच पडलाय, उंदरांचं फावलंय. गावात मोजणारे पुष्कळ आहेत, पण मी कुणाला बोलावलं नाही. तू गुडघ्यांना घेऊन ये. खुर्चीवर बस, गोणीचं तोंड मी धरतो. पहिलं माप पडलं की तेवढा एक शब्द तू म्हण. दोनपासून पुढे मी बघतो.