उद्या पाइप वर काढायचे आहेत

प्रिय ठमे,

आधी आनंदाची बातमी. तुझी आजी आता मोठी असामी झाली आहे. काल पलीकडच्या वस्तीतली एक बाई मला शोधत आली. हापसा दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीणबाई कुठे राहतात, म्हणून विचारत होती. तुझे आजोबा दारातच बसलेले. इथे मिस्त्रीण कोणी नाही, एक म्हातारी आहे, तिला स्वतःचा चष्मा सापडत नाही, असं सांगून तिला वाटेला लावत होते. मी पाना घेऊनच बाहेर आले. मग स्वतःच सरकून तिला बसायला जागा दिली त्यांनी.

अक्षर वाकडं आलंय, हे पत्र तुला नेऊन देणारा तुमच्या संस्थेचा ड्रायव्हर घाई करतोय. चहा दिलाय त्याला, बसेल थोडा. तूच माझं नाव संस्थेच्या त्या हापसा-दुरुस्तीच्या शिकवणीत घातलंस. माझी शाळा दुसरीपर्यंत, त्यातली निम्मी शेळ्यांमागे. पण वायसर, साखळी, दांडा, सगळं हाताला कळत गेलं बघ. आता बायका मला विचारून कामाला हात लावतात, आणि मला ते फार आवडतं. खोटं कशाला बोलू.

तर आपल्याच वस्तीचा हापसा बिघडलाय. मारून मारून खांदे निखळतात आणि पाणी येतं चूळभर. बायकांच्या रोपवाटिकेतली रोपं विकायला झाली होती, त्यांनी माना टाकल्यात. आज तुमच्या गाडीतून नवे पाइप आले. उद्या सकाळी जुने वर काढायचे. तू ऑफिसात बसतेस, तुला माहीत नसेल म्हणून सांगते. पाइपाला पाइप जोडून सगळी माळ जमिनीत लोंबकळत असते. वरचा सोडवेपर्यंत खालचं सगळं वजन पाइप आवळून धरणाऱ्या एका क्लॅम्पवर, आणि त्या क्लॅम्पचा दांडा माझ्या मुठीत. तो सुटला की पाइप गेले तळाला. मग बोअर बुजवायचा. दुसरा कोण देणार, आणि दिला तरी त्याला पाणी लागेलच कशावरून? सकाळपासून घास उतरत नाही. बायका हसतात, म्हणतात, तुम्ही असताना कसली काळजी. त्या असं म्हणाल्या की मला जास्तच धडकी भरते.

हे कोणाला बोलले नाही, तुलाच सांगते. मागच्या आठवड्यात एका हापशावर माझी मूठ आपोआप उघडली. मी उघडली नाही गं, ती उघडली. तुझ्या आईने झडप घालून दांडा धरला आणि बायकांना म्हणाली, तेलाने निसटला. तेल लावलेलंच नव्हतं. तेव्हापासून ती मला चहा अर्धाच कप देते, सांडू नये म्हणून. ती दांडा मागून घेणार नाही, आणि सुनेला आपणहून धर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून उद्या उजाडताच तू फोन कर. फोन तिच्याचजवळ असतो, म्हणून तर हे लिहायला बसले. सांग की ऑफिसचा नवा नियम आहे, दांडा आता तिने धरायचा, आजीने बाजूला उभं राहून सांगायचं. मी कुरकुर करीन. तुझ्या ऑफिसला दोन शब्द वाईटही बोलेन. तू ऐकू नकोस.

तुझीच,
आजी