मफिनचा कागद

प्रिय वहिनी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील आणि मग म्हणशील, फोन मेला का हिचा? फोन ठणठणीत आहे. पण माझा फोन आला की तू तो लगेच मोठ्या आवाजावर टाकतेस, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. मग आई मध्येच विचारते, जेवलीस का. दादा मागून ओरडतो, मॅडमना सांग पंखा दुरुस्त झाला. आणि मला जे बोलायचं असतं ते राहूनच जातं. हे पत्र फक्त तुझ्यासाठी आहे. आईला वाचता येत नाही आणि दादा दोन ओळींपुढे जात नाही, तेव्हा तशी काळजी नाही. तरी वाचून झालं की पिठाच्या डब्यामागे ठेव. तिकडे तुझ्याशिवाय कुणाचा हात जात नाही.

आत्ता इथे दवाखान्याच्या स्वयंपाकघरात जरा शांतता आहे. दुपारच्या जेवणाच्या गाड्या वॉर्डांतून परत आल्यात, भांडी घासायला गेलीत, आणि मी माझ्या टेबलावर रात्रीच्या ताटांची कार्डं बाजूला सारून हे लिहितेय. आईच्या रक्तातली साखर पुन्हा वाढली हे तुला माहीत आहेच. पण रिपोर्ट आला त्या संध्याकाळी दादानं मला वेगळा फोन केला होता, ते तुला माहीत नसेल. म्हणाला, "हे बघ, शिकलेली तू आहेस. तू एकदा सांग, हिच्या त्या केकांमुळे होतंय का हे? तू हो म्हण, मी उद्या तो ओव्हन उचलून विकून टाकतो." मी म्हटलं, बघून सांगते. त्याला वाटलं मी पुस्तकात बघणार. मी अजून त्याला काही सांगितलेलं नाही.

खरं सांगू? तोंडाशी 'हो' आला होता.

तुझा ओव्हन घरात आला तेव्हाच माझ्या पोटात दुखायला लागलं होतं. तू लग्नाआधी बेकरीत होतीस, पीठ हाताला लागलं की तुला ओळखता येतं घट्ट झालं की सैल, हे सगळं आई मला इतक्या कौतुकानं सांगायची की मी ऐकता ऐकता नखं खायची. मग तू फळांचे मफिन करायला लागलीस. काळं पडलेलं केळं, किसलेलं सफरचंद, खजूर, वरून मध. रविवारी मी आले की आई दारातच सांगणार, "अगं, मैदा नाही हं त्यात, साखर नाही, सगळं घरचं. एकदम पौष्टिक." आणि मी दारातच चपला काढता काढता सुरू व्हायची. मध म्हणजे साखरच. खजूर म्हणजे साखरच. केळं जितकं पिकलेलं तितकं गोड. घरात केलं म्हणून रक्ताला ते कळत नाही, रक्ताला पत्ता विचारायची सवय नसते. तू हसायचीस आणि म्हणायचीस, "बरं बाई, तू म्हणशील तसं," आणि पुढच्या रविवारी पुन्हा ट्रे भरलेला. मी जे बोलायचे ते सगळं बरोबर होतं, वहिनी. आजही बरोबर आहे. फक्त ते मी बोलायचे कशासाठी, ते आता माझं मलाच नीट सांगता येत नाही.

तुला एक दिवस आठवतोय का बघ. मी जरा लवकर आले होते. स्वयंपाकघरातून तुम्हा दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता. आई भांड्याच्या कडेचं पीठ चमच्यानं खरवडत होती आणि तुला म्हणत होती, "अगं ए, आ कर." तू आ केलास. निम्मा चमचा तू चाटलास, निम्मा तिनं. तेवढ्यात मी दारात दिसले. आईनं झटकन चमचा बेसिनमध्ये टाकला, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "आल्या मॅडम." त्यात कच्चं अंडं असतं, हे मी तिला शंभरदा सांगितलेलं. तिनं चमचा टाकला तो म्हणूनच. माझी शिकवण तिच्या लक्षात राहिली, याचा मला आनंद व्हायला हवा होता. मी बाहेर जाऊन बूट-चपलांची रांग नीट लावत बसले.

तुला ती 'अगं ए' म्हणते. मला ती मॅडम म्हणते. आधी ती गंमत होती. आमच्या घरात शाळेत टिकलेली मीच पहिली. आई तेव्हा लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालायची. मी तिच्या पायाशी बसून मोठ्यानं धडे वाचायची आणि तिच्या मैत्रिणी म्हणायच्या, तुझी मॅडम आज काय शिकवतेय? आईचा चेहरा तेव्हा इस्त्रीच्या वाफेनं लाल असायचा, तो आणखी लाल व्हायचा. मग मी खरंच शिकत गेले, आणि कुठल्या इयत्तेत ते ठाऊक नाही, गंमत मागे राहिली आणि मॅडम तेवढी उरली. आता मी विचारलं, आई, पाय दुखतात का, की ती सरळ बसते आणि उत्तर देते. तुला मात्र ती न विचारता पाय दाबायला लावते.

म्हणून मी डबा सुरू केला. तुझे मफिन चार वाजता चहाबरोबर, तर माझा डबाही चार वाजताचा. उकडलेले चणे, भाजलेल्या बिया, काकडी. मी आठवड्याचं सगळं तयार करून रविवारी आणायची, तुमच्या फ्रिजमध्ये ठेवायची, आईला समजावून सांगायची आणि मागच्या आठवड्याचे डबे घेऊन जायची. रिकामे. घासलेले. पुसलेले. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे इथल्या मुख्य आहारतज्ज्ञ, पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "ताट काय घेऊन गेलं ते स्वयंपाक्याला विचार. माणूस काय जेवला, ते परत आलेलं ताट सांगतं." तेव्हापासून रोज दुपारी मी परत आलेली ताटं बघते. कुणी भात कडेला सारलाय, कुणी डाळीखाली गोळी लपवलीय, कुणी शेजारच्याचं केळं खाऊन साल आपल्या ताटात ठेवलंय. तर आईचा डबा असा चकचकीत परत आला की मला वाटायचं, जिंकले. तुझ्यावर जिंकले, हे आता लिहूनच टाकते. त्यात तू एकदा भांडी विसळता विसळता सहज म्हणालीस, "रागावू नकोस हं, पण आई तुझे चणे शेजारच्या आजींना देतात. स्वतःला चाववत नाहीत म्हणे." मी तुला हसून दाखवलं. बसमध्ये रडले. आणि त्याच्या आदल्याच आठवड्यात आईनं मला हात धरून सांगितलं होतं, "मी तिचे ते मफिन कधीच सोडले. तुझाच डबा खाते. तिला कळू देऊ नकोस, बिचारी हौसेनं करते."

म्हणजे दोघींपैकी एकीशी ती खोटं बोलत होती. ती तूच असणार असं मी धरून चालले होते.

मग परवा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "संध्याकाळी चहाबरोबर काय खाता?" आईनं आधी माझ्याकडे पाहिलं. पेपरातलं उत्तर येत नसलं की मुलं बाईंकडे बघतात तसं. म्हणाली, "हिनं सांगितलंय तेच." डॉक्टर गोळी वाढवायचं बोलायला लागले. मी तिला घरी सोडलं, तोवर रिकामे झालेले डबे उचलले आणि माझ्या खोलीवर आले. धुवायची गरज नव्हती, तरी मी पुन्हा धुते, तुला माझी सवय माहीत आहे. एका डब्याच्या झाकणाची सैल झालेली रबरी कडा काढली तर खाली आधाराला घातलेला मफिनचा कागद. नीट चपटा केलेला, घडी घातलेला. चादरीची घडी घालतात तशी, टोकाला टोक.

त्या क्षणी माझ्या अंगाची जी आग झाली, ती मी तुला सांगत बसत नाही. माझ्याच डब्यात तुझा कागद! आजींना चणे, तुला शाबासकी, आणि मला धुतलेला डबा. दादाला फोन लावला होता. घंटा वाजत होती. त्यानं उचलला नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि न सांगता घरी आले. तू दूध आणायला गेली होतीस. दार लोटलेलं होतं. आई स्वयंपाकघरात खिडकीकडे तोंड करून बसली होती, पाठ माझ्याकडे. समोर बशीत कागद, मफिन संपलेला. तिनं कागदाची घडी घातली, फ्रिजमधून माझा डबा काढला आणि चणे खायला लागली. वहिनी, ती भुकेनं खात नव्हती. एक हात पोटावर, एक चणा तोंडात, चावतेय, थांबतेय, ढेकर देतेय, पुन्हा एक. आमच्याकडे पेशंट औषध घेतात तसं. पूर्ण डबा संपवला. तळाच्या बिया बोटानं टिपून खाल्ल्या. मग स्वतःशीच म्हणाली, "झालं बाई दोघींचं."

मी आले तशीच परत गेले. तिला कळलं नाही.

बसमध्ये बसल्या बसल्या मी हिशेब मांडला, कारण मला दुसरं काही येत नाही. तुझ्या एका मफिनमध्ये जेवढं आहे, तेवढ्यानं तिची साखर इतकी चढायला नको. माझ्या डब्यानं तर नकोच. पण दोन्ही, रोज, एकापाठोपाठ, वर चहा, आणि मग पोट भरलेलं असताना रात्री तुम्ही दोघं आग्रह करता म्हणून पुन्हा जेवण. आजींना तिनं एक चणाही दिलेला नाही. माझ्याशीही ती खोटंच बोलली. दोन्ही डगरींवर हात ठेवून बसलीय ती, आणि तिची साखर आपण दोघी मिळून वाढवतोय. मफिन पौष्टिक आहे का, हे मी इतके दिवस मफिनलाच विचारत होते.

आज सकाळी डॉक्टरांना फोन करून खरं ते सांगितलं. ते म्हणाले, गोळी आहे तीच राहू दे, चारचं खाणं एकच करा, महिन्याभरानं पुन्हा तपासू. कुठलं एक, ते त्यांनी विचारलं नाही. कागदावर बघशील तर माझा डबा उजवा आहे. हे मी लिहिणारच, मला खोटं लिहिता येत नाही. दादाला 'ओव्हन विकून टाक' म्हटलं असतं तरी कुणी मला चूक म्हणालं नसतं. पण तिची पाठ माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. माझ्या हातचं ती पोटावर हात ठेवून खाते.

तेव्हा दादाला मी आज संध्याकाळी सांगणार आहे, ओव्हन राहू दे. त्याच्या आधी हे तुझ्या हातात पडायला हवं होतं, पण टपालानं ते जमायचं नाही; रविवारच्या आत पोचलं की झालं. येत्या रविवारपासून माझा डबा येणार नाही. त्याऐवजी मी चण्याचं पीठ आणि भरडलेल्या बिया आणीन, त्या तू मफिनमध्ये घाल, गव्हाचं पीठ निम्मं कर. मध अजिबात नको. खजूर नको, केळ्याची गोडी पुरते. छोटा साचा घे, तिला एकच दे, आणि रात्री तिनं नको म्हटलं तर आग्रह करू नका. चव बिघडली तर माझं नाव सांग, तिला पटेल. पण मी तिला पाहिलं, हे मात्र सांगू नकोस. डबा कामामुळे बंद झाला म्हण. तिला कळलं ना, की मला कळलंय, तर माझं मन राखायला ती तिसरं काहीतरी खायला लागेल.

एवढं सगळं लिहिलं ते एका गोष्टीसाठी, जी फोनवर सगळ्यांच्या समोर मला मागता आली नसती. रविवारी मी जरा लवकर येईन. तू पीठ कालवायला घे, साच्यांत ओत, आणि मग काहीतरी निमित्त काढून बाहेर जा. दूध आण, वाळलेले कपडे काढ, काहीही. भांडं आणि चमचा आईच्या हातात राहू दे. तिनं तो बेसिनमध्ये टाकायच्या आत मी आ करणार आहे. कच्च्या अंड्याचं काय व्हायचं ते होऊ दे.

तुझीच,
मॅडम