सुरूपाड्याचं खळं

१२ जुलै १९८४
पडीक! आमचं मासळी सुकवायचं खळं म्हणे पडीक जमीन! नवा विकास नकाशा आज लागला. दिवाळीनंतर या खळ्यावर बोंबलांच्या रांगांतून वाट काढावी लागते, आणि हे म्हणतात पडीक. मोजणीवाले आले होते कधी? भर पावसात. होड्या वर ओढलेल्या, बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांड्या सोडून घरात ठेवलेल्या. गवत दिसलं, लिहून मोकळे.

हरकत घ्यायला ऑगस्टअखेरपर्यंत मुदत. नाहीतर तिथे बंगले. खळ्यावरच्या कोळणींच्या म्होरक्या जानकीमावशी शाळेतच आल्या. "बाई, तुमी लिवा. तुमचं अक्षर चांगलं." सहा वर्षं बोरिवलीहून खाडी ओलांडून इथे शिकवायला येते, त्याचं हे बक्षीस!

१७ जुलै
अर्जाला गावाचा इतिहास-भूगोल जोडायचा ठरवलाय. भूगोल सोपा — पूर्वेला खाडी, पश्चिमेला समुद्र, मध्ये टेकडी, टेकडीखाली गोड्या पाण्याची एकच विहीर. इतिहास मात्र डोकं फिरवतो. गावातले सगळ्यात म्हातारे लवूनाखवा, त्यांना गाव वसल्याचं साल विचारलं, तर म्हणतात, "माझ्या बापाची होडी फुटली, त्याच्या आदल्या वर्सी." होडी कधी फुटली? "वादळात!"

२४ जुलै
लवूनाखवांनी नकाशा काढला. समुद्र खाली, गाव वर. मी म्हटलं, उत्तर वर हवी. म्हातारा भडकला. "मी गावात समुद्राकडनं येतो, बाई. तुमी येता खाडीकडनं. मंग गाव कुनाचं?"

तसाच जोडला. कोणतं खळं कोणाच्या आजीचं, सगळं आहे त्यात. इतका खरा नकाशा मी पाहिला नव्हता. एक नक्कल वर्गात लावणार आहे.

३ ऑगस्ट
विकास नकाशावाले साहेब आठ तारखेला पाहणीला येतायत. वाट लागली! पावसात बोंबील आणायचे कुठून? जानकीमावशींनी वलांड्या उभ्या करायला लावल्या. पण रिकाम्या दोऱ्या बघून कोण विश्वास ठेवणार? मीच म्हटलं, लुगडी टांगा. खळं वापरात आहे एवढं तरी दिसेल. अक्कल माझीच.

८ ऑगस्ट
काय दिसत होतं खळं! ऊनही नेमकं पडलं. हिरवी, तांबडी, जांभळी लुगडी — घराघरातून पेट्या उपसून आणलेली. जानकीमावशींनी तर लग्नातलं काढलं. साहेब म्हणाले, "नेहमी असंच वाळत घालता?" मावशी ठसक्यात — "पिढ्यानपिढ्या!" साहेबांनी लिहून घेतलं, दोन कप चहा प्यायले, माझा चौदा पानी अर्ज फायलीत घातला. "सवडीने वाचतो."

परत जाताना होडीत मी एकटीच हसत होते. फार जीव आहे माझा या लोकांवर. घरी बोलून दाखवत नाही, एवढंच.

९ ऑगस्ट
पाऊस. वर्गात नऊ मुलं.

२६ नोव्हेंबर
दुरुस्त नकाशा आला. जिंकलो! 'पडीक' खोडलंय. खळ्यावरच मावशी बोंबील टांगत होत्या, अर्धं गाव भोवती. मी तिथेच मोठ्याने वाचायला लागले — "सदर जागा कायमस्वरूपी राखीव —" आणि पुढचा शब्द पुन्हा एकदा वाचून पाहिला. धोबीघाटासाठी.

मावशींनी हातातला बोंबील दोरीवर नीट बसवला. मग विचारलं, "धोबी कवा यायचे, बाई?"