अपेक्षा: दोनशे तास

नांदेड,
बुधवार, १० डिसेंबर २०२५

चि. संगमेश्वर यास शिवकांताअक्काचे आशीर्वाद.

रविवारी, ७ डिसेंबरला, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, लातूरच्या मंगल कार्यालयात, तू अध्यक्ष म्हणून मंचावर बसलेला असताना वर्षाराणीच्या ओढणीला सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला टोचला गेला. वेळ पक्की सांगते, कारण मंचावरचं घड्याळ माझ्या समोर होतं आणि दुसरीकडे कुठे बघायची माझी हिंमत नव्हती.

तुझी शुगर कशी आहे? सूनबाईंनी पाठवलेली शेंगदाण्याची चटणी पोचली. माझा गुडघा आहे तसाच. खुशाली संपली.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू "हाव अक्का, हाव अक्का" म्हणतोस आणि संध्याकाळपर्यंत तुला काही आठवत नाही. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला चूक तोंडी कबूल करू देत नसत, लिहून द्यावी लागे. म्हणून हा कागद.

काल तुझा निरोप मोबाइलवर आला: मुलीने मंचाचा अपमान केला, तिने समाजाची माफी मागावी, मग मंजुरीच्या पत्राचं बघू. वा. आपल्या अप्पांनी मला बोर्डिंगात ठेवलं तेव्हा याच समाजाने त्यांना वेड्यात काढलं होतं. आता त्यांच्याच नावाच्या, तू अध्यक्ष असलेल्या शिक्षण निधीसाठी एका मुलीने समाजापुढे नाक घासायचं.

ही मुलगी कोण, हे तू विसरला असशील, म्हणून पुन्हा लिहिते. देवणीजवळच्या नीलम्माची ती थोरली. माझ्या वरच्या खोलीत राहून तिने हवामानाचा आणि दिशाशोधनाचा, दोन्ही पेपर पहिल्या झटक्यात काढले. विमान उतरायला आलं की ताटावरून उठून गच्चीत पळायची. भाकरी गार व्हायची, मी ओरडायची, आणि ती खाली येऊन वारा कुठल्या दिशेचा होता ते मला सांगायची. विमान चालवायचा व्यावसायिक परवाना हवा तर दोनशे तास उडावं लागतं. अर्धा खर्च निधी देणार, अर्धा बँक. पण बँक म्हणते, आधी निधीचं पत्र आणा. पैसे भरले नाहीत तर सोमवारी, २२ तारखेला प्रशिक्षण केंद्रातली तिची जागा दुसऱ्याला जाईल.

तू म्हणालास, सत्कार ठेवू, शाल-श्रीफळासोबत पत्रही हातात देऊ. हॉल घेतलेलाच आहे, जेवण आहे, माणूस जमणारच आहे, वेगळा खर्च कशाला? तो हॉल वधू-वर परिचय मेळाव्याचा होता, आणि तो बिल्ला तिथल्या वधूंचा. एका मांडवात दोन कार्यं उरकायची आपली जुनी खोड. तुझ्या नातवाच्या बारशात तुम्ही सरपंचाचा सत्कार उरकला होता, तेव्हा मीच हसले होते.

मग तुमच्या निवेदकाने माइकवर वाचलं. उंची पाच फूट चार. चष्मा नाही. रंग ओळखण्यात दोष नाही. हृदय निरोगी. विमानासाठी डॉक्टरांनी तपासलेली मुलगी तुम्ही बाजारातल्या देवणी गायीसारखी वाचून दाखवलीत. मागून कुणीतरी म्हणालं, "चला, सासूच्या लुगड्याचा रंग तरी वळखंल." सगळा हॉल हसला. तूही हसलास, संगू. मी पाहिलं.

निवेदकाने विचारलं, मुलीची अपेक्षा? माइक तिच्या तोंडापुढे धरला. ती म्हणाली, "दोनशे तास उडायचंय. त्येला पैसे लागतेत. दुसरी काई अपेक्षा न्हाई." बिल्ला काढला, नारळाशेजारी ठेवला आणि मंच उतरून गेली. एवढाच तो अपमान.

इथवर लिहून दोनदा चहा केला.

डॉक्टरांच्या तपासणीचा तो तपशील तुमच्या निवेदकाकडे कुठून आला, हे तू मंचावरही विचारलं नाहीस, कारण तुला माहीत होतं. मी दिला. फोटोसकट. तू म्हणाला होतास, "अक्का, दाते बसलेले असतेत, मुलगी नजरेखालून गेली तर हात सैल सुटंल. आन् एखादं चांगलं स्थळ निघालं तर वाईट हाय का?" मी नाही म्हणाले नाही. पस्तीस वर्षं शाळेत पोरींना "मान वर करून बोला" म्हणणारी मी, मला वाटलं, निघालं तर निघू दे. उडून आली तरी घरी कुणी असावं. माझ्यासारखं एकटीने कुलूप उघडून दिवा लावायची वेळ तिच्यावर येऊ नये. हे मी कुणाला बोलले नव्हते, स्वतःलासुद्धा नाही.

मंचावर बिल्ला टोचत होते तेव्हा तिने मान वळवून पहिल्या रांगेत मला शोधलं. मला उठता आलं असतं. मी हाताने खूण केली, ओढणी नीट कर.

परतीच्या एसटीत अहमदपूरला तिने विचारलं, "बाई, तुमाला म्हाईत होतं का?"

मी नाही म्हणाले.

काल रात्री तिला खरं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. सकाळी खोली झाडली, किल्ली माझ्या टेबलावर ठेवली, पाया पडली आणि देवणीला गेली. रागावली असती तर मी निभावून नेलं असतं. पाया पडली, ते सोसवत नाही.

तेव्हा दोन कागद पाहिजेत. एक, मंजुरीचं पत्र, विनाअट, तुझ्या सहीचं. दुसरा, तिच्या नावाने तुझी माफी. समितीची नव्हे, तुझी. माझी मी आज स्पीड पोस्टाने पाठवली आहे. तिचं उत्तर येईल असं धरून चाललेले नाही.

तुझं मात्र यायलाच हवं, लेखी, शुक्रवार, १९ डिसेंबर, संध्याकाळी पाचच्या आत. नाही आलं, तर निधीच्या पुढच्या सभेत हेच पत्र मी माइकवरून वाचीन, माझ्या वाट्याच्या ओळी न गाळता. त्या सभेसाठी हॉल वेगळा घे.

मंचाखाली पहिल्या रांगेत बसून राहिलेली
तुझी अक्का