साहेब येणार म्हणून

३ जून, लातूर
डाळमिल असोसिएशनची मीटिंग. सरकार आणि मिलवाले मिळून स्कीम. आधी सरकारी साहेब येऊन मिल रोज किती वीज खाते ते मोजणार. जिथं वाया जाते तिथं नवीन मोटारी, निम्मा खर्च सरकारचा. पहिली मिल आमची. बाकीचे लांबून मजा बघणार.

घरी अण्णांना सांगितलं. वडील माझे, पण मिलमध्ये मालक. म्हणाले, "सरकार मोटारी वाटून राहिलं? कायतरी डाव हाय." मग अट घातली. स्कीम मिळाली तर ठीक, नाहीतर दिवाळीला मिल बंद, जागा गोदामाला भाड्यानं. मी हो म्हणालो. आमच्या मोटारी इतकी वीज खातात की स्कीम मिळणारच.

१२ जून
एका सहीसाठी नांदेडला बोलावलं. ऑफिसात साहेब नाहीत. कारकून म्हणाला, "आज लातूरला गेलेत, एका डाळमिलचं मोजमाप आहे." कुठल्या? आमच्याच. सांगायचं तरी! अण्णा फोन उचलत नाहीत. परतीची एसटी वाटेत अहमदपूरला थांबली ती थांबलीच, ड्रायव्हर निवांत भजी खात बसलेला. डोकं फिरलं.

पोचलो तर मिल ओळखू येईना. जळमटं गायब. पट्टे ताणलेले. वर्षभर कुणी न बघितलेल्या बेअरिंगला ग्रीस, त्यामुळं मोटारी हलक्या फिरतायत. जुनं पॉलिशचं मशीन, सगळ्यात जास्त वीज खाणारं, बंद करून वर ताडपत्री. अण्णा खूश. "मीटर घेऊन माणूस आला की चोरी धरायलाच येतो. कायबी सापडलं न्हाई त्याला. पोहे खाऊन गेला."

कपाळावर हात मारून घेतला.

१६ जून
साहेबांचा रिपोर्ट आला. वीज वापर कमी, मिल आदर्श, नवीन मोटारींची गरज नाही. अण्णांनी तो कागद देवघरात ठेवला.

मग समजावून सांगितलं, की आपण चांगले दिसलो म्हणूनच बाद झालो. अण्णा म्हणाले, "मग काय घाण मिल दाखवायची व्हती पाहुण्याला?"

२१ जून
साहेबांना फोन. परत मोजतो म्हणाले, पण त्या दिवशी मिल रोजच्यासारखी चालली नव्हती असं मालकाच्या सहीनं लिहून द्या. अण्णा भडकले. "मी खोटारडा हाय असं लिहून देऊ? सारी उमर गेली माझी या धंद्यात." जेवले नाहीत. मीही नाही. आई म्हणाली, एकदाची विकून टाका मिल, माझ्या डोक्याचा ताप जाईल.

२४ जून
अण्णांनी सही केली. न वाचता केली, तेच जास्त लागलं. "तुझी मिल, तुझं तू बघ." आजवर कायम 'माझी मिल' म्हणायचे. वाईट वाटलं, रागही आला. मी काय स्वतःसाठी करून राहिलो का हे सगळं?

२ जुलै
आज परत मोजमाप. काल हात जोडून सांगितलं होतं, अण्णा, कशाला हात लावू नका. हाव, हाव म्हणाले, मानही डोलावली.

सकाळी झाडूचा आवाज. पळत गेलो. "अंगण तरी झाडू दे की, माणसं येऊन राहिलीत." आत बघितलं. पॉलिश मशीनवरची ताडपत्री काढलेली, रोजच्यासारखी तूर ओतून तयार. त्यांनीच केलं असणार. बरं वाटलं. चहा घ्यायला बसलो तेव्हा त्यांच्या हाताकडं लक्ष गेलं. बोटांना ताजं ग्रीस.

विचारणार तेवढ्यात फोन. साहेबांच्या गाडीनं चाकूर सोडलंय, आता पोचतीलच.